परितोष कोणाचा ?

खेळांचा हंगाम संपला म्हणजे बक्षीससमारंभांचा हंगाम सुरू होतो. मैदानाच्या कडेला मंडप उभा राहतो, टेबलावर पांढरी चादर अंथरून तीवर लहानमोठे पेले मांडले जातात, पाहुण्यांचें भाषण होतें आणि मग चिटणीस एकेक नांव वाचूं लागतात : सर्वांत अधिक गोल करणारा, सर्वोत्कृष्ट गोलरक्षक, हंगामांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू. कामठीच्या रब्बानी क्लबसारख्या संघांचे सामने पाहत वाढलेल्या नागपूरकर मंडळींस हें दृश्य अपरिचित नाहीं. ह्या सोहळ्यांत आनंद आहे, आणि तो असावाच. परंतु त्याच्या पोटीं नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे. जें काम अकरा जणांनीं मिळून केलें, त्याचें श्रेय एकाच्या हातीं देणें न्याय्य आहे काय ?

एखाद्या गोलाची वंशावळ काढून पाहावी. बचावाच्या फळींतील एक गडी प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू काढून घेतो व मध्यभागीं उभ्या असलेल्या सोबत्याकडे धाडतो. दुसरा एक जण, चेंडू आपल्याकडेच येणार असें भासवून, दोन रक्षकांना आपल्यामागें ओढून नेतो. त्यामुळें मोकळ्या झालेल्या वाटेनें चेंडू तिसऱ्याकडे येतो आणि तो त्याला जाळ्यांत घालतो. वहींत नांव लागतें तें ह्या तिसऱ्याचें. शेवटचा पास देणाऱ्याचेंहि नांव अलीकडे टिपतात. पण जो धांवला आणि ज्याच्या पायाला चेंडू लागलाहि नाहीं, त्याच्या धांवेची नोंद कोठें व्हावयाची ? आणि जो गोल झालाच नाहीं, तो न होऊं देण्याचें श्रेय कोणी मोजावयाचें ? युरोपांत १९५६ पासून वर्षाच्या सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूस 'बॅलॉन द'ऑर' म्हणजे सोन्याचा चेंडू देण्यांत येतो. पुरुषांच्या ह्या पारितोषिकाच्या दीर्घ यादींत गोलरक्षक एकच आढळतो : १९६३ सालचा मानकरी, सोव्हिएट रशियाचा लेव्ह याशिन. इतक्या वर्षांत गोलरक्षणाची कला एकदांच पूर्णत्वास पोंचली, असें कोणी म्हणणार नाहीं. जें घडतें तें डोळ्यांना दिसतें. जें टळतें तें दिसत नाहीं. आणि पारितोषिकें बहुधा डोळ्यांच्या सल्ल्यानेंच दिलीं जातात.

बरें, मोजण्यासारखें जें आहे तें अचूक मोजलें, तरी प्रश्न सुटतो असेंहि नाहीं. २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्यें नॉर्थईस्ट युनायटेडच्या अलाएद्दीन अजाराई ह्या मोरोक्कोच्या खेळाडूनें २३ गोल केले, आणि सर्वाधिक गोलांचें व सर्वोत्कृष्ट खेळाडूचें अशीं दोन्हीं पारितोषिकें त्यालाच मिळालीं. त्या हंगामाची ढाल आणि चषक हीं मात्र दोन्हीं मोहन बागाननें नेलीं. ह्यांत कोणावरहि अन्याय झाला नाहीं. एकाचा पराक्रम आणि संघाची सिद्धि ह्या दोन वेगळ्या वस्तु आहेत, एवढेंच त्यावरून दिसून येतें.

क्रिकेटांत प्रत्येक धांवेचा व बळीचा हिशेब खेळाडूच्या नांवें राहतो, तेव्हां तेथें तरी श्रेयाची वांटणी सोपी असावी, असें वाटण्याचा संभव आहे. ह्याचें आमच्या शहरांतील ताजें उदाहरण घेऊं. २०२४-२५ च्या रणजी करंडक स्पर्धेचा अंतिम सामना जामठ्याच्या मैदानावर झाला, आणि केरळवर पहिल्या डावांत मिळविलेल्या ३७ धांवांच्या आघाडीवर विदर्भानें करंडक जिंकला. हंगामांत ६९ बळींचा विक्रम करणारा हर्ष दुबे स्पर्धेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. १५३ व ७३ धांवा काढणारा दानिश मालेवार अंतिम सामन्याचा मानकरी झाला. दोघेहि त्या मानास सर्वथा पात्र होते. परंतु पहिल्या डावांत २४ धांवांत ३ गडी बाद झाले असतां मालेवारच्या जोडीला करुण नायर उभा राहिला, दोघांनीं मिळून २१५ धांवा जोडल्या, आणि नायर ८६ धांवांवर धांवचीत झाला. त्या भागीचे दोन वांटे वहींत होतात. खेळपट्टीवर ते होत नव्हते. आणि ३७ धांवांची आघाडी म्हणजे तरी काय ? ज्यांचें नांव कोणत्याहि रकान्यांत येत नाहीं, अशा क्षेत्ररक्षकांनीं सूर मारून अडविलेल्या कितीतरी धांवा तींत मिसळलेल्या असतात.

ह्या अडचणींतून सुटण्याचे दोन मार्ग सुचविले जातात. पहिला मार्ग विरक्तांचा : वैयक्तिक पारितोषिकें बंदच करावीं. ह्या मताला गीतेचा आधार देण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु आम्हांस वाटतें कीं, फळाची आशा धरूं नये हा उपदेश कर्म करणाऱ्यास केलेला आहे. दुसऱ्याचें उत्तम कर्म पाहून मुकाट्यानें घरीं जावें, असा उपदेश पाहणाऱ्यास कोणीं केलेला नाहीं. शिवाय विरक्तीची ही शिकवण बहुधा तेच देतात, ज्यांच्या कपाटांत पेले ठेवावयास जागा उरलेली नसते.

२००१ सालीं नागपुरांत हिस्लॉप कॉलेजांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनीं झोपडपट्टींतील मुलांना भर पावसांत एक फुटकी बादली लाथाडीत खेळतांना पाहिलें, आणि त्यांतून 'स्लम सॉकर' ही चळवळ उभी राहिली. ज्याचें नांव कोणत्याहि सभेंत आदरानें उच्चारलें गेलेलें नाहीं, अशा एखाद्या मुलाला आपण क्षणभर मनांत आणावें. चार लोकांसमोर त्याचें नांव पुकारलें जातें, टाळ्या पडतात, आणि हातांत एक हलकासा पेला येतो. त्या पेल्याची किंमत बाजारांत किरकोळ असेल. त्या मुलाला मात्र, आपण कोणीतरी आहों, ह्याची ती पहिली साक्ष असते. ही साक्ष तत्त्वज्ञानाच्या नांवाखालीं काढून घेणें आम्हांस निर्दयपणाचें वाटतें. 'स्लम सॉकर'चे खेळाडू बेघरांच्या ज्या जागतिक स्पर्धेंत खेळावयास जातात, तेथें आरंभींच्या फेऱ्यांत हरलेल्या संघालाहि घरीं धाडीत नाहींत. बरोबरीच्या संघांबरोबर तो शेवटच्या दिवसापर्यंत खेळतो, आणि जिंकण्यासारखें कांहींतरी त्याच्यापुढें असतें. बक्षिसें कमी करण्याऐवजीं त्यांचें दार मोठें करावें, हें शहाणपण तेथें दिसतें.

दुसरा मार्ग गणितज्ञांचा. आजकाल यंत्रांच्या साहाय्यानें खेळाडूची प्रत्येक धांव व प्रत्येक पास मोजतां येतो. तेव्हां सर्वच मोजावें, म्हणजे न्याय आपोआप होईल, असें ते म्हणतात. मोजमाप सूक्ष्म झालें तर चांगलेंच. पण जें मोजलें जातें तें करण्याकडे, आणि जें मोजलें जात नाहीं तें टाळण्याकडे, मनुष्याचा कल होतो. केवळ पासांची संख्या मोजूं लागा, कीं निरर्थक पास वाढतात. परीक्षेच्या गुणांनीं विद्येचें काय केलें, हें ज्या घरांत मुलें शिकत आहेत त्यांस आम्हीं सांगावयास नको.

मग पारितोषिक द्यावें तें कोणत्या भावनेनें ? आमच्या मतें ह्याचें उत्तर त्या शब्दांतच आहे. पारितोषिक हा शब्द 'परितोष' ह्यापासून झालेला आहे, आणि परितोष म्हणजे पूर्ण संतोष. हा संतोष कोणाचा ? देणाऱ्याचा. तुझें काम पाहून आम्ही संतुष्ट झालों, ही त्या संतोषाची खूण. तेव्हां पारितोषिक हा घेणाऱ्याच्या योग्यतेवरील अखेरचा निवाडा नव्हे. देणाऱ्याच्या रसिकतेची ती कबुली होय. असें मानलें म्हणजे ज्याला मिळालें त्याला गर्व होण्याचें, आणि ज्याला मिळालें नाहीं त्याला आपण कमी प्रतीचे ठरलों असें वाटण्याचें कारण उरत नाहीं. परीक्षा होते ती देणाऱ्यांची. केवळ गोलानेंच ज्यांना परितोष होतो, त्यांच्या गांवांत गोल मारणारेच निपजतील. स्वतःची संधि सोडून चेंडू सोबत्याला देणारे तेथें हळूहळू विरळ होतील.

आपल्या परंपरेंत ह्याचें एक सुंदर उदाहरण आहे. दहीहंडी फोडतो तो सर्वांत वरच्या थरावरचा लहानगा पोर. लोक त्याला पाहतात, त्याचें कौतुक करतात. पण बक्षीस मिळतें तें सगळ्या पथकाला, कारण सर्वांत खालच्या थरांतील ज्या गड्याचें तोंडहि कोणास दिसत नाहीं, त्याचा खांदा ढळला तर वरच्याचें काय होईल हें प्रत्येक जण जाणतो. आणि गोपाळकाला म्हणजे तर सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालविलेल्या. त्यांतला घांस कोणाच्या घरचा, हें विचारावयाचेंच नसतें.

म्हणून समारंभ करणाऱ्यांस आमच्या दोन साध्या सूचना आहेत. नांव पुकारतांना त्या खेळाडूनें कोणतें काम केलें तें दोन वाक्यांत सांगावें, आणि तें कोणाच्या साहाय्यानें झालें तेंहि सांगावें. दुसरें असें कीं, खिलाडूवृत्तीचें पारितोषिक मंडप रिकामा असतांना प्रारंभीं उरकून टाकूं नये. पाहुण्यांच्या हस्तें, सर्व मंडळी जमल्यावर, मोठ्या पेल्याच्या शेजारीं बसवून तें द्यावें.

हा प्रश्न मैदानाच्या कुंपणाशीं थांबत नाहीं. मिळवून आणणाऱ्यास आपण पिढ्यान्‌पिढ्या 'कर्ता पुरुष' म्हणत आलों. तापलेल्या मुलाच्या उशाशीं कोण जागलें, पाहुणा उपाशी कां गेला नाहीं, महिनाअखेरचा खर्च कोणीं निभावून नेला, हें त्या पदवींत येत नाहीं. घरांतील हें काम गोलरक्षकाच्या जातीचें आहे : तें यशस्वी होतें तेव्हां कांहींच घडत नाहीं, म्हणून तें कोणास दिसत नाहीं. वर्गांत पहिल्या आलेल्या मुलाला पेढा देतांना, त्याचे पाढे रोज म्हणवून घेणाऱ्या बहिणीच्या हातावर आपण काय ठेवतों ? हंगाम संपेल, पेले कपाटांत जातील. आपल्याला ह्या वर्षीं परितोष कशानें झाला, आणि तो आपण कोणाजवळ बोलून दाखविला, हें मात्र ज्याचें त्यानें स्वतःस विचारून पाहावें.