उपवासाचे सार आणि त्यावरची सजावट

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्ताला ख्रिस्ती परंपरेत लेंट, म्हणजेच उपवासकाळ म्हणतात. मध्ययुगीन पश्चिम युरोपात या दिवसांत मांस वर्ज्य असेच, शिवाय बहुतेक ठिकाणी अंडी, दूध आणि लोणीही चालत नसे, त्यामुळे वाळवलेल्या वाटाण्याला मोठे महत्त्व आले. वाटाणा रात्रभर भिजवून, कांदा व सुगंधी पाल्यासह तो पार मोडेपर्यंत शिजवला आणि चाळणीवर घोटला की साले वर राहतात व खाली दाट, किंचित गोडसर सार उतरते. ला वारेन या फ्रेंच आचाऱ्याच्या १६५१ च्या पाकग्रंथात उपवासाच्या पदार्थांचे विभाग वेगळे असून तेथे मांसाच्या रश्शाची जागा वाटाण्याचे सार घेते. मात्र त्याच उपवासाच्या पदार्थांत क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला शेवंडासारखा कवचधारी जीव, आणि कालवे यांचीही रेलचेल आहे. जलचर नियमाने चालतात, हे खरे. पण क्रेफिशने सजलेल्या वाटाण्याच्या साराने उपवास घडतो का?

तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस याने या प्रश्नाचे मूळ नेमके पकडले आहे. मांस माशापेक्षा अधिक सुख देते म्हणून चर्चने मांस वर्ज्य केले, असे तो सांगतो. पण प्रत्येक वेळी तसे असतेच असे नाही, हेही तो मान्य करतो, कारण नियम सर्वसाधारण अनुभवावर बेतलेला असतो. पोप थोर ग्रेगरीचे वर्गीकरण स्वीकारून तो खादाडपणाचे पाच प्रकार मानतो: वेळेआधी खाणे, उंची खाणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि फार चोखंदळपणे रांधलेले खाणे. म्हणजे क्रेफिश नियमातून सुटला, तरी दुसऱ्या आणि पाचव्या प्रकारातून सुटत नाही. ११२५ च्या सुमारास क्लेअरव्होच्या संत बर्नार्डनेही मठांतील मांसाविना चालणाऱ्या मेजवान्यांवर कठोर टीका केली होती. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या महाराष्ट्राला हा पेच परका नाही, आणि निराहाराने विषय दूर झाले तरी त्यांची गोडी उरते, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील निरीक्षणही याच दिशेचे आहे.

तरीही केवळ जिभेच्या सुखावर बोट ठेवून हा विचार पुरा होत नाही, कारण तसे मानल्यास मन लावून घोटलेले साधे सारही दोषी ठरेल, आणि ते अन्यायाचे होईल. पाचव्या शतकातील पोप थोर लिओ याच्या प्रवचनांत उपवास आणि दानधर्म यांची सांगड आहे: आपल्या ताटातून जे कमी होते, ते गरिबाच्या ताटात जावे. या कसोटीवर साध्या साराला चव असण्यात गैर काही नाही. क्रेफिशवर मात्र गरिबाच्या वाट्याची बचतच खर्च होते, आणि खरा दोष तोच आहे, मग नियमाने त्याला मुभा दिलेली असो वा नसो.