पाव आई

९ मे २०१५. स्पेनमधल्या सेव्हिलहून एक नवंकोरं ए४००एम मालवाहू विमान चाचणीसाठी उडालं. ते तुर्कस्तानच्या हवाई दलाला मिळायचं होतं. उडताच चारपैकी तीन इंजिनांची शक्ती आहे तिथेच अडकली. वैमानिकांनी लिव्हर मागे ओढले तेव्हा ती उतरली, पण पुन्हा चढेना. विमान शेतात कोसळलं आणि सहापैकी चौघे गेले.

इंजिनं धडधाकट होती. त्यांचा टॉर्क मोजायला संगणकाला लागणारी आकडेवारी तेवढी तीन इंजिनांतून पुसली गेली होती.

दोष कुणाचा? या विमानाच्या बाबतीत हा प्रश्न जुनाच आहे. २००३ मध्ये सात देशांनी १८० विमानांचा करार केला: जर्मनीची ६०, फ्रान्सची ५०, लक्झेम्बर्गचं एकच. पंख ब्रिटनमधल्या फिल्टनहून, धड जर्मनीतल्या ब्रेमेनहून, जोडणी सेव्हिलला; इंजिनसुद्धा चार देशांतल्या कंपन्यांचं. पहिलं विमान फ्रान्सच्या हाती पडायला २०१३ उजाडलं. त्याआधी प्रकल्प तगवण्यासाठी ग्राहक देशांना साडेतीन अब्ज युरोंची भर घालावी लागली होती. उशिराचा चेंडू सगळे एकमेकांकडे टोलवत राहिले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना चेष्टा आणि दैव. असं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला खरं दिसत नाही. कीर्तनात हे ऐकताना ‘मी केलं’चा ताठा उतरतो, मन हलकं होतं. पण सेव्हिलच्या त्या शेतात हेच वचन उलटं धरता येतं: कर्ता मी एकटा नाही, म्हणजे मी नाहीच. ही पळवाट गीतेने दिलेली नाही. हे ऐकणारा अर्जुन धनुष्य टाकून बसला होता, आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस तो संशय सोडून कामाला उभा राहतो.

पाच कारणं मोजली की श्रेय वाटलं जातं. जबाबदारीचं तसं नाही. चार भावांनी आईची सेवा वाटून घेतली, म्हणून कुणाच्या वाट्याला पाव आई येत नाही.

लक्झेम्बर्गचं ते एकुलतं विमान २०२० मध्ये आलं. ब्रसेल्सजवळच्या मेल्सब्रूक तळावर, बेल्जियमच्या सात विमानांसोबत, दोन्ही देशांच्या एकाच तुकडीत ते असतं. उड्डाणाआधी कुणीतरी त्याच्याभोवती फेरी मारतो. तो बेल्जियमचा असो की लक्झेम्बर्गचा, एखादं झाकण नीट बसलं आहे का, हे त्याला स्वतःच्या हाताने दाबून पाहावं लागतं.