दिवाळीनंतरचं जव्हार

जव्हार-मोखाड्याला जायचं म्हटलं की मुंबई-ठाण्याच्या जोडप्यांना आषाढ-श्रावणच आठवतो. दाभोसाचा धबधबा भरात असतो, हनुमान पॉइंटची दरी धुक्यानं भरलेली असते आणि शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. पाऊस सरला की गर्दी ओसरते, खोल्या रिकाम्या राहतात, दरही उतरतात. दोघांना चार निवांत दिवस काढायचे असतील, तर त्यांनी कार्तिक ते माघ या दिवसांत इथं यावं, असं माझं म्हणणं आहे. ते स्वस्त पडतं, हे खरंच. पण मोठं कारण हे की यजमानाला पाहुण्याची गरज असते ती याच दिवसांत.

पावसाळा हा या डोंगरातल्या माणसांच्या कामाचा काळ. भाताची आवणी, उतारावरची नागली आणि वरई यांत घरातलं प्रत्येक माणूस गुंतलेलं असतं. तेव्हा आलेला पाहुणा धबधबा पाहतो, भजी खातो आणि अंधार पडायच्या आत परततो. त्याचा पैसा रस्त्यालगतच्या टपऱ्यांपलीकडे फारसा जात नाही. शेती बहुतेक पावसाच्या भरवशावरची, एका पिकाची. भात झोडून घरात आला की हाताला काम उरत नाही. मग दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पोरांची शाळा तुटते, आणि माणसं परततात ती पुढच्या पावसाच्या तोंडावर. १९९२ साली इथल्या वावर-वांगणीत कुपोषणानं झालेल्या बालमृत्यूंनी हा भाग साऱ्या महाराष्ट्राला कळला. त्या दुःखाच्या मुळाशी असलेला बेरोजगारीचा काळ आणि पर्यटकांनी पाठ फिरवण्याचा काळ, हे दोन्ही एकच आहेत. पाहुणा कधी येतो याला किती मोल असतं, हे ग्रीसनंही ओळखलं आहे. सँटोरिनी आणि मिकोनोस या बेटांवर क्रूझ जहाजांतून उतरणाऱ्यांवर २०२५ पासून जो कर आहे, तो उन्हाळ्याच्या गर्दीत जास्त आणि हिवाळ्यात कमी आहे.

यावर कुणी म्हणेल, धबधबे आटल्यावर तिथं पाहायचं काय? दाभोसाची धार तेव्हा बारीक होते, हे खरं. पण आकाश निवळतं, आणि सनसेट पॉइंटवरून पावसात न दिसणारा सूर्यास्त दिसतो. मुकणे राजघराण्याचा जयविलास पॅलेस धुक्याशिवाय नीट पाहता येतो. सुरतेच्या पहिल्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराज शिर्पामाळावर थांबले आणि राजे विक्रमशहांनी त्यांचं स्वागत केलं, असं जव्हारमध्ये सांगतात. ती स्वारी १६६४ च्या जानेवारीतली, म्हणजे ऐन थंडीतली. शिवाय नव्या तांदळाचा भात आणि ताज्या दळणाची नागलीची भाकरी चाखायची तर हेच दिवस. सुकवलेल्या दुधी भोपळ्याचा, बांबूचा आणि ताडाच्या पानांचा तारपा घुमतो तोही पीक हाती येण्याच्या दिवसांत.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. शहरातल्या जोडप्यासाठी तारपा वाजवायचा, वारली चित्र काढून दाखवायचं, यात माणसांचं प्रदर्शन होत नाही का? होतं, जर पाहुण्यानं आपल्या सवडीनं ते मागितलं तर. पण गावाच्या पंचांगाप्रमाणे जे चाललेलं असतं त्याच दिवसांत जाऊन, परवानगी घेऊन, एका कडेला बसण्यात प्रदर्शन नाही. आपला हंगाम गावावर लादायचा नाही, ही अट पाळली तर या आक्षेपाचा बराचसा जोर जातो.

आणि दोन माणसांच्या मुक्कामानं स्थलांतर थांबेल का? नाही थांबणार. त्याला रोजगार हमीची वेळेवर मिळणारी मजुरी लागते, मोगऱ्यासारखं बागेचं पीक लागतं आणि त्या पिकाला पाणी लागतं. तरीही गावातल्या घरात राहिलेल्या जोडप्याचं जेवण, वाटाड्याचा रोज आणि विकत घेतलेलं चित्र, हे पैसे भट्टीची उचल घ्यायची की नाही हे ठरवण्याच्या दिवसांत घरात येतात. श्रावणातल्या त्याच पैशांपेक्षा त्यांचं मोल मला अधिक वाटतं.

मात्र चैत्र-वैशाखाबद्दल मी हे म्हणणार नाही. मध्य वैतरणा धरणाचं पाणी मोखाडा तालुक्यातून मुंबईला जातं, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तेव्हा पाहुण्याच्या अंघोळीची बादलीसुद्धा कुणाच्या तरी डोक्यावरून आलेली असते. होळीच्या सुमारास मोखाड्याचा बोहाडा असतो, देव-दानवांचे मुखवटे घालून संबळाच्या तालावर रात्रभर सोंगं निघतात. तो पाहायला जरूर जावं, पण पाणी जपून वापरावं आणि उत्सव आटोपला की मुक्काम हलवावा.