फटफटीचा जीर्णोद्धार : काही विचार

वस्तू जुनी झाली म्हणजे दुरुस्त करावी, तशीच ठेवावी की भंगारात द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा आहे. पातेल्याची कल्हई गेली तर आपण कल्हईवाला गाठतो. बूड झिजून भोक पडले तर मोड देऊन नवे पातेले आणतो. त्यात तत्त्वचिंतनाला फारशी जागा नसते. परंतु तीच वस्तू वडिलांच्या हातची असली, की हिशेबाची वही अपुरी पडू लागते. आम्ही येथे उदाहरण घेणार आहोत ते एका जुन्या फटफटीचे. आमच्या माळव्यातील कित्येक मराठी घरांच्या पडवीत ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी वर्षानुवर्षे उभी असते, आणि तिचे काय करावे हा विषय दर दिवाळीला निघून दर दिवाळीला तहकूब होतो.

ही गाडी बहुधा राजदूत असते. पोलंडच्या एसएचएल एम-11 या मोटारसायकलीच्या आराखड्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने 1960 च्या दशकात ती भारतात बनवावयास घेतली. एका सिलिंडरचे, 173 घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलात तेल मिसळून द्यावयाचे, किक मारून सुरू करावयाचे. रचना इतकी साधी, की गावातला मिस्त्री पान्याच्या संचावर ती उघडून पुन्हा जोडीत असे. 1973 साली राज कपूर यांच्या ‘बॉबी’ चित्रपटात तिचेच जीटीएस 175 हे छोटेखानी रूप झळकले आणि लोक त्या गाडीलाच ‘बॉबी’ म्हणू लागले. इंजिन साध्या राजदूतचेच; पण चित्रपटाने तिला जे वलय दिले, त्यामुळे आजही शौकीन मंडळी तिच्या मागावर असतात.

प्रथम व्यवहार पाहू. वीस-पंचवीस वर्षे उभ्या असलेल्या अशा गाडीत काय बिघडलेले असते? पिस्टन गंजाने सिलिंडरला चिकटलेला असतो. तो सोडवला तरी सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो, आणि बोअर आधीच अनेकदा झाले असेल तर तेही शक्य नसते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते, म्हणून तेथील ऑइल सील वाळून कडक झाले की गाडी नीट चालूच शकत नाही. टाकी आतून गंजते, वायरिंग उंदीर खातात, रिमचा क्रोम सोलवटतो. त्यात आजच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुन्या रबराच्या भागांना मानवत नाही. एवढे सारे नीट करावयाचे तर खर्च सहसा गाडीच्या बाजारभावाच्या वर जातो. तेव्हा फायदा होईल म्हणून कोणी या फंदात पडू नये. आणि मुख्य म्हणजे सुटे भाग. गाडीचे उत्पादन थांबून पुष्कळ काळ लोटला. अस्सल भाग हवा असेल तर तो बहुधा दुसरी राजदूत मोडूनच मिळतो. एका गाडीचा जीर्णोद्धार हा पुष्कळदा दुसऱ्या गाडीचा अंत असतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

आता तात्त्विक बाजू. पिस्टन नवा, सील नवे, वायरिंग नवे, रंग नवा, सीट नवी. मग जुने उरले काय? मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, की तुमचा रथ म्हणजे जू का, आस का, चाके का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी या सर्वांच्या आधाराने ‘रथ’ ही संज्ञा चालते असे मान्य करतो. म्हणजे रथपण कोणत्याही एका तुकड्यात राहत नाही. हे उत्तर फटफटीलाही लागू आहे. परंतु आमच्या मते घरच्या वस्तूच्या बाबतीत ते अर्धेच उत्तर आहे. कारण तेथे ‘ही राजदूत आहे काय?’ असा प्रश्न नसतो. ‘ही आपल्या बाबांची राजदूत आहे काय?’ असा असतो.

आमच्या परिचयातील एका घरी हा भेद फार स्पष्टपणे पुढे आला. गाडी ‘बॉबी’. वडील शाळामास्तर, त्यांनी लोहाराकडून मागे एक ओबडधोबड कॅरिअर जोडून घेतले होते, तपासावयाच्या वह्यांचे गठ्ठे बांधण्यासाठी. थोरल्या मुलाला गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी होती आणि त्यासाठी ते कॅरिअर काढणे भाग होते. धाकट्याचे म्हणणे, गाडीत बाबांचे असे एवढे कॅरिअरच आहे. बाकीचे सारे कंपनीचे. दोघांनाही वडिलांविषयी सारखीच ओढ, आणि तरी एकाला जे कलंक वाटे तेच दुसऱ्याला सर्वस्व वाटे. या वादात कोणी चूक होते असे आम्हांस वाटत नाही. एकाच शब्दाने ते दोन वेगळ्या गोष्टी मागत होते.

गंमत अशी, की कायद्यालाही हाच प्रश्न पडलेला दिसतो. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र वर्ग झाला. गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, आणि पुढील नोंदणीस 5,000 रुपये. पण अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती बाहेर निघावयाची. या वर्गात गाडीला मान मिळतो, पण तिचे काम जाते. रोज चालवावयाची असेल तर साध्या वाहनाप्रमाणे नोंदणीचे नूतनीकरण करावे आणि लागेल तो भाग बदलावा.

येथे जीर्णोद्धार या आपल्या शब्दाकडे वळावेसे वाटते. इंग्रज विचारवंत जॉन रस्किन याने 1849 साली असे मांडले, की जुन्या वास्तूचे पुनरुज्जीवन म्हणजे तिचा नाशच होय. गेलेल्या हातांचे काम पुन्हा आणता येत नाही. आपल्याकडची दृष्टी निराळी. अहिल्याबाईंनी 1780 साली काशीला विश्वेश्वराचे आणि 1783 साली सोमनाथला जे मंदिर उभारले, ते जुनेच दगड जुन्याच जागी रचून नव्हे. दोन्ही ठिकाणी देऊळ जुन्या जागेशेजारी नव्याने बांधले गेले. तरी आपण त्याला जीर्णोद्धार म्हणतो, कारण खंडित झालेली पूजा पुन्हा सुरू झाली. आपल्या परंपरेत उद्धार होतो तो कार्याचा.

हे माप फटफटीला लावले तर वाट बरीच उजळते. या गाडीचे कार्य ते कोणते? वह्या वाहणे, दूध वाहणे, सासुरवाडीला नेणे. ते आज दुसरी वाहने अधिक चांगले करतात, आणि टू-स्ट्रोक इंजिनाचा तेलकट धूर शेजाऱ्यांच्या नाकात जातो याचाही विचार झाला पाहिजे. म्हणून रोजच्या वापरासाठी ती जिवंत करणे हे आम्हांस पटत नाही. पण तिच्याभोवती आणखी एक कार्य होते : ती चालवणाऱ्याला आपले वाहन कळत असे. प्लग काढून साफ करणे, पॉइंटचे अंतर पाहणे, आवाजावरून बिघाड ओळखणे. हे ज्ञान ज्या मिस्त्रींपाशी आहे ते वयस्क झाले आहेत. घरातील एखादा मुलगा वा मुलगी त्यांच्याशेजारी बसून ते शिकणार असेल, तर खर्च किमतीच्या दुप्पट झाला तरी तो वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.

तेव्हा निर्णयापूर्वी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. आपल्याला परत काय हवे आहे : यंत्र, माणसाची खूण, की लोकांची वाहवा? गाडी तयार झाल्यावर महिन्यातून एकदा तरी तिला किक मारणारे घरात कोण आहे? आणि हे काम करताना पुसले काय जाणार आहे? खूण हवी असेल तर रंगाला हात लावू नये. धूळ पुसावी, टाकी रिकामी करावी, गंज थांबवावा आणि गाडी तशीच ठेवावी. वाहवा हवी असेल तर ती हौस म्हणून उघडपणे करावी. वडिलांच्या नावावर तिचा खर्च मांडू नये. आणि यांपैकी काहीच नको असेल, तर गाडी जाणत्या मिस्त्रीला द्यावी. तिच्या भागांवर आणखी दोन गाड्या चालतील. हा विश्वासघात ठरत नाही.

घाटावरून इकडे येऊन पिढ्या लोटलेल्या आपल्यासारख्या घरांना वस्तू सोडणे अंमळ जड जाते. मूळ गाव सुटले, वाडे विकले गेले. उरले ते सांभाळावे अशी वृत्ती होते, आणि ती चांगलीच आहे. मात्र ताडपत्रीखाली गंजत ठेवणे याला सांभाळणे म्हणता येत नाही. त्या मास्तरांच्या घरी शेवटी इंजिन तेवढे मोकळे करून घेतले. रंग जुनाच राहिला, कॅरिअरही राहिले, आणि प्रदर्शनाचा विचार थोरल्याने सोडला. नात सध्या कार्ब्युरेटर उघडावयास शिकते आहे.