पराभूताची थट्टा

खेळ आला की हार-जीत आली, आणि हार-जीत आली की थट्टाही आलीच. जिंकलेल्या पक्षाने हरलेल्या पक्षाची, विशेषतः त्याच्या नायकाची, थट्टा करावी की करू नये, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. क्रिकेटचा मोठा सामना संपला की चौकात, पानठेल्यावर आणि हल्ली हातातल्या मोबाइलवर प्रतिपक्षाच्या कर्णधाराची जी हजेरी घेतली जाते, ती पाहून पुष्कळ सज्जन ‘चालायचेच’ म्हणून पुढे जातात. परंतु ज्या कृतीत घरातील लहानथोर सारेच सामील होतात, तिचा धर्माधर्माच्या दृष्टीने एकदा तरी विचार करावा, असे आम्हांस वाटते.

थट्टा ही मुळातच वाईट नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. एका बाजूने झडती म्हणावी आणि दुसऱ्या बाजूने तिला तोडीस तोड उत्तर द्यावे, ही आपल्या भागाची जुनी रीत आहे. त्यांत बोचरे टोमणे असतात. तरी तोरण तुटले की मने तुटत नाहीत, आणि बैल घरोघर पूजेला जातात. या थट्टेचे मर्म असे की, ती समोरासमोर होते आणि ऐकणाऱ्यालाही बोलण्याची पाळी मिळते.

खेळाच्या मैदानातही हेच घडते. ९ मार्च १९९६ रोजी बेंगळुरू येथे विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात पाकिस्तानच्या आमिर सोहेल यांनी चौकार मारून गोलंदाज वेंकटेश प्रसाद यांना बॅटीने सीमारेषा दाखविली. पुढच्याच चेंडूवर प्रसाद यांनी त्यांचा त्रिफळा उडविला. टोमण्याला उत्तर मिळाले, हिशेब तेथेच पुरा झाला. यात अधर्म तो कोणता?

परंतु सामना संपल्यावरची थट्टा निराळी. तेथे हरलेल्याची पाळी संपलेली असते. तो बोलला तर लोक त्याला रडका म्हणतात, गप्प बसला तर भेकड म्हणतात. शिवाय पराभव अकरा जणांचा असला तरी जमावाला एकच तोंड हवे असते, म्हणून सारे खापर नायकाच्या माथी फुटते. त्याच बेंगळुरूच्या सामन्यात पाकिस्तानचे कर्णधार वसीम अक्रम दुखापतीमुळे मैदानात उतरलेच नव्हते. तरी पराभवाचा रोष त्यांच्याच देशात त्यांच्यावर कोसळला.

त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, १३ मार्च रोजी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना झाला. श्रीलंकेच्या २५१ धावांसमोर आपला संघ ८ बाद १२० असा कोसळला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, आणि सामनाधिकाऱ्यांना खेळ थांबवून सामना श्रीलंकेला द्यावा लागला. विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर गेले. बेंगळुरूच्या विजयाने ज्या देशाला आनंदाचे उधाण आले होते, त्याच देशातील हा जमाव होता.

त्या संघाचे व्यवस्थापक होते अजित वाडेकर. त्यांना हा अनुभव नवा नव्हता. १९७१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्या भूमीवर हरविले, तेव्हा आपल्याच राज्यातील इंदूर शहरात विजयाचे स्मारक म्हणून भली मोठी बॅट उभारण्यात आली. १९७४ साली इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी सामने गेले, लॉर्ड्सवर दुसरा डाव ४२ धावांत आटोपला, आणि त्याच बॅटीला लोकांनी डांबर फासले. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. तीन वर्षांत माणूस बदलला नव्हता, केवळ धावफलक बदलला होता.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, प्रतिपक्षाच्या नायकावर सरावलेली जीभ पुढे आपल्या नायकालाही सोडीत नाही. दुसऱ्याच्या कर्णधाराची टर उडविताना आपण मुलांना एक धडा देत असतो, तो असा की हरलेला माणूस मानास पात्र नाही. मग परीक्षेत नापास झालेला भाऊ, धंद्यात बुडालेला शेजारी, निवडणुकीत पडलेला गावकरी, या साऱ्यांना तोच धडा लागू होतो.

येथे कोणी म्हणेल, नायकाने चूक केली तर बोलूही नये काय? अवश्य बोलावे. कोलकात्यास नाणेफेक जिंकून प्रथम क्षेत्ररक्षण का घेतले, हा प्रश्न रास्तच होता. परंतु चिकित्सा कृतीची असते, उपहास माणसाचा असतो. पहिलीने पुढचा खेळ सुधारतो; दुसऱ्याने कोणाचेच काही सुधारत नाही.

महाभारतात गदायुद्धानंतर पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकाला भीमाने पाय लावला, तेव्हा त्याला आवरले ते युधिष्ठिराने. राज्य, मान आणि सभेत पत्नीची अब्रू ज्याने गमावली, त्या युधिष्ठिराने. भीमाचा राग खोटा नव्हता. तरी खऱ्या रागालाही पडलेल्यावर पाय देण्याचा अधिकार नाही, हा त्यातील बोध आहे.

आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या लोकांना हे वेगळे सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात. गोटमारीत माणसे प्राणास मुकली आहेत, तिचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. पण तीतही झेंडा निघाला की हात थांबतो, आणि दोन्ही काठांचे लोक चंडीमातेसमोर नमतात. दगडालाही जी मर्यादा आपण घालून दिली, ती जिभेला घालता येऊ नये काय?

येते, याचा दाखला चेन्नईच्या प्रेक्षकांनी ३१ जानेवारी १९९९ रोजी दिला. सचिन तेंडुलकर यांच्या १३६ धावा होऊनही पाकिस्तानने अवघ्या १२ धावांनी कसोटी जिंकली. त्या दिवशी हरलेले आपण होतो. तरी सारे मैदान उठून उभे राहिले आणि प्रतिपक्षाला टाळ्यांनी गौरविले. त्या संघाचे कर्णधार होते तेच वसीम अक्रम. पराभवाच्या दुःखात जे साधले, ते विजयाच्या आनंदात साधणे अधिक सोपे असावयास हवे.

तेव्हा थट्टा जरूर करावी, पण जी तोंडावर बोलता येईल, जिला समोरच्याला उत्तर देता येईल आणि जी केल्यावर त्याच माणसाला घरी जेवावयास बोलाविता येईल, तीच करावी. पुढचा मोठा सामना लागेल तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी हे माप मुलांच्या हाती द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.