जीप, गुडघा आणि जरा



ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातली ज्ञानाची लक्षणं आपली चालू आहेत. आज जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दोष पुन्हा पुन्हा पाहणं हे लक्षण घ्यायचं. हा भाग येणार हे ठरलेलंच होतं, पण त्याच्या आधीच एका वाचकताईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, रागावू नका. सकाळी तुम्ही देह नाशवंत म्हणून लिहिता आणि दिवसभर त्या गंजक्या जीपखाली असता असं कळलं. मग हे वैराग्य कुठलं?"

रागवायचं काय त्यात, प्रश्न रास्तच आहे. फक्त एक सांगतो, मी जीपखाली नसतो. डाव्या गुडघ्याचा सांधा बदललाय, उजव्या खांद्यातला स्नायू फाटून आता जुळलाय, आणि कमरेचं तर विचारूच नका. खाली झोपतो तो पुतण्या. मी स्टुलावर बसून त्याच्या हातात पाने देतो. चौदा नंबर मागितला की चौदा, सोळा मागितला की सोळा. सदुसष्टाव्या वर्षी मला जमण्यासारखी ही नोकरी आहे.

जीपबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सीजे थ्री-बी. अमेरिकेत विलीजने हे मॉडेल १९५३ साली आणलं आणि आपल्याकडे महिंद्राने ते पुढे कित्येक वर्षं बनवलं. बॉनेट उंच दिसतं त्याला कारण आहे. या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे आधीच्या इंजिनापेक्षा याची उंची वाढली आणि झाकण उंच करावं लागलं. वडिलांनी ती १९७८ साली सरकारी लिलावात घेतली. पाटण तालुक्यातल्या आमच्या वरच्या वस्तीला तेव्हा रस्ता नव्हता, पायवाट होती आणि पावसाळ्यात तीही नव्हती. फोर व्हील टाकून, लो गिअरमध्ये ही चढायची. वीस वर्षांपूर्वी बंद पडली ती छपरात उभीच राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या.

आता ओवीकडे येऊ. ज्ञानदेवांनी म्हातारपणाचं जे वर्णन केलंय ते वाचताना अंगावर काटा येतो. डोळे, कान, दात, वाणी, हातपाय, एकेक जण कशी साथ सोडणार, घरातली माणसं कशी कंटाळणार, सगळं तपशिलाने. आणि हे लिहिणारा मुलगा किती वर्षांचा? ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे इसवी सन १२९०. जन्म शके ११९७ चा धरला तर पंधरा-सोळा वर्षांचा. ज्याला अजून मिसरूड फुटायचंय त्याने जरा इतकी जवळून पाहिली कशी, याचं मला दरवेळी नवल वाटतं. आम्हाला ती अंगावर आल्याशिवाय दिसत नाही.

पण हा भाग वाचून बरेच जण एक अर्थ काढतात, तो मला पटत नाही. दोष पाहायचे म्हणजे देहाचा वीट मानायचा, तोंड फिरवायचं, असा. माझ्या मते दोष पाहणं म्हणजे काय ते आमच्या मिस्त्रींकडून शिकावं. पंच्याहत्तरीला आलेत. जीप छपरातून ओढून बाहेर काढली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा इंजिनाला हातच लावला नाही. एक लहान हातोडी घेतली आणि चेसिसवर पुढून मागपर्यंत टकटक करत गेले. धड लोखंड खणखणतं, आतून गंजलेलं बद्द वाजतं. जिथे बद्द वाजलं तिथे खडूने फुली. सतरा फुल्या झाल्या. चेहऱ्यावर ना हळहळ, ना "काय होती हो गाडी तुमची" असले उसासे. फुल्या मोजल्या आणि म्हणाले, "सर, एवढं एवढं आहे. आता करायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

दोष पाहणं ते हे. ज्याला काम करायचंय तोच नीट पाहतो. ज्याला नुसतं रडायचंय तो एक फुली बघून बसतो आणि ज्याला फसवायचंय तो वरून लांबी भरून रंग मारतो. बाजारात अशा जुन्या जीपा मिळतात, वरून आरसा आणि खालून पापड. माणसंही असतात तशी. "वय म्हणजे नुसता आकडा" असं मला कुणी म्हणालं की मी गप्प बसतो, पण मनातून मला ते वाक्य लांबी भरल्यासारखं वाटतं. वय आकडा नाही हो. वय म्हणजे रात्री कूस बदलताना आधी खांद्याची परवानगी घ्यावी लागते ते.

इंजिन जाम होतं, पिस्टन आतून धरले होते. माझा विचार होता हँडल लावून दोघातिघांनी जोर करावा. मिस्त्री म्हणाले, "हिला मारू नका सर, हिला मुरू द्या." चारी प्लग काढले, भोकांतून तेल आणि रॉकेल मिसळून सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. रोज सकाळी फक्त एवढंसं हलवून बघायचं. हललं नाही तर परत थोडं तेल, उद्या परत. नवव्या दिवशी सुताएवढं हललं. मग मागे-पुढे, मागे-पुढे, आणि आणखी चार दिवसांनी पूर्ण फेरा फिरला. जोर केला असता तर रिंगा तुटल्या असत्या.

गंमत अशी की त्याच दिवसांत माझा खांदाही हेच करत होता. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर मुंगीसारखं चढायचं. काल जिथे पोचलो तिथे पेन्सिलीची खूण असायची. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने बजावलं होतं, दुखेल तिथे थांबा, पण दुखेल तिथपर्यंत जाच. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याला मी साधनेतलं वाक्य समजतो. पहिलं अर्धं सगळ्यांना पाठ असतं.

ताईंचा मूळ प्रश्न अजून बाकी आहे. नाशवंत वस्तूवर इतका जीव का?

कठोपनिषदात यमाने नचिकेताला रथाचं रूपक सांगितलंय, ते सगळ्यांच्या ऐकण्यातलं आहे. शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत बसलेला आत्मा रथाचा धनी. यात रथाला कुठेही शिवी दिलेली नाही, हे आपल्या लक्षात येत नाही. रथ हा रथच आहे, धनी नाही, एवढंच म्हटलंय. मग आरे खिळखिळे असताना त्यांना वंगण घालणारा माणूस आसक्त झाला का? मला नाही वाटत. आणि रथ झाकून ठेवून त्याला रोज पुसत बसणारा, पण त्यातून कुठेही न जाणारा? तो मात्र विचार करण्यासारखा आहे. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत असे भेटतात. गाडी अगदी कारखान्यातून आल्यासारखी, मूळ स्क्रू, मूळ रंग, आणि पाऊस पडला की बाहेर काढायची नाही. जीप आहे ती! चिखलासाठी जन्मलेली.

रथाची दुसरी गोष्ट बौद्ध परंपरेतली. मिलिंद राजा, म्हणजे ग्रीक मिनँडर, नागसेन भिक्षूंना भेटतो. नागसेन त्याला विचारतात, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. शेवटी कबूल करतो की हे सगळे भाग एकत्र आले की आपण त्याला रथ म्हणतो, त्यापलीकडे हातात येईल असं काही नाही. आमच्या छपरात हा प्रश्न रोज उभा असतो. पाट्यांचे बुश बदलले, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस नवे, खालचा पत्रा निम्मा कापून नवा जोडला, ब्रेकचं सगळं नवं. मग वडिलांची जीप ती कुठली? आरटीओला विचारा, ते म्हणतील चेसिसवरचा नंबर. त्यांचं तत्त्वज्ञान एकदम साफ आहे. पंधरा वर्षं झाली की गाडी तपासायची आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण द्यायचं. मला तर डॉक्टर सहा महिन्यांच्या वर काही देत नाहीत.

माझ्या गुडघ्यात आज धातू आहे आणि प्लास्टिक आहे. मी तोच का? पायरी चढताना वाटतं, नाही. हरिपाठ म्हणताना वाटतं, तोच. हा प्रश्न मला सुटलेला नाही आणि तो सोडवायची घाईही नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो याच अध्यायात लगेच पुढे येणारा शब्द, अनभिष्वंग. त्याच्या आधी असक्ती आहे. दोन्हींचा अर्थ आसक्ती नसणं असा एकच लावून आपण पुढे जातो, पण शंकराचार्यांनी भाष्यात फरक दाखवलाय. अभिष्वंग म्हणजे दुसऱ्याशी इतकं एकरूप होणं की तो सुखी तर मी सुखी, तो दुःखी तर मी दुःखी, त्याचं बरं-वाईट ते माझंच. हे वाचलं आणि मला माझी सकाळ आठवली. इंजिन पहिल्यांदा फुटफुटून सुरू झालं त्या दिवशी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो होतो. पुढच्या आठवड्यात ते परत बंद पडलं तेव्हा गुडघा सुजला. गुडघ्याला काय माहीत हो कार्बुरेटरचं? पण मनाने दोघांना एकाच दावणीला बांधलं होतं. ही चालली तर मी अजून चालेन, असा करार. असा करार लोखंडाशी करता येत नाही. मुलाशी, नातवाशीही करता येत नाही, तरी आपण सगळे करतोच. त्यामुळे ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की जीपला वेळ देणं हा दोष नव्हे, पण तिच्या चालण्यात स्वतःची नाडी तपासणं याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. रोज ठेवावं लागतं, एकदा ठेवून भागत नाही. "पुन्हा पुन्हा पाहणं" असं का म्हटलंय ते इथे कळतं.

ज्ञानदेव म्हातारपणाचं वर्णन करून थांबत नाहीत. पुढे ते सांगतात की शहाणा माणूस हे सगळं आधीच ओळखतो आणि इंद्रियं धड आहेत तोवर त्यांच्याकडून चांगलं काम करून घेतो. पाय आहेत तोवर तीर्थाला जावं, हात आहेत तोवर द्यावं, कान आहेत तोवर ऐकून घ्यावं, असा त्याचा भाव. म्हणजे दोष पाहिल्यावर जे निघतं ते तातडीचं काम आहे, उदासी नाही.

आमच्या बाबतीत ते काम वस्तीवर आहे. थोरल्या वहिनी ऐंशीच्या पुढे आहेत. वर एकट्या नाहीत, पण खाली यायचं तर पाळण्यात घालून आणावं लागतं. रस्ता आता आहे म्हणायला आहे, शेवटचा दीड किलोमीटर पावसाने वाहून जातो आणि साध्या गाड्या खालच्या ओढ्याशी थांबतात. दिवाळीनंतर आम्ही जीप वर नेली. फोर व्हील, लो, पहिला गिअर, चालण्याच्या वेगाने. वहिनींना पुढच्या सीटवर उशी घालून बसवलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, मामंजी असेच हळू चालवायचे."

आता एक अवघड गोष्ट. या जीपचा क्लच जड आहे आणि तो दाबायचा पाय डावा, म्हणजे नव्या सांध्याचा. आज दाबला जातो. सहा महिन्यांनी दाबला जाईल का, हे मी ठरवणार नाही. ज्याची नजर कमी होते त्यालाच ती कमी झालेली सर्वांत शेवटी कळते. म्हणून ठरवायचं काम मी बायकोवर आणि पुतण्यावर सोपवलंय. दोघांपैकी कुणीही एक म्हणालं की किल्ली त्याच्याकडे, वाद नाही. सौ. म्हणाली, "लिहून द्या." लिहून दिलं. कागद देवघरात, समईखाली आहे. ती किल्ली देताना मला काय होईल ते मला आज सांगता येणार नाही. तेव्हा अभिष्वंग म्हणजे काय ते खरं कळेल बहुतेक.

तोवर पुढच्या अ‍ॅक्सलचं तेल परत गळायला लागलंय. चाकाच्या गोळ्याजवळचं नमद्याचं पॅकिंग बसत नाहीये, पुतण्या रविवारी ते पुन्हा खोलणार आहे. माझं स्टूल तयार आहे.

उद्या असक्ती हा शब्द नीट घेऊ. ओव्या आधी एकदा वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.