पंख्याखालचा चार्जर

एका घरात अण्णा नावाचे आजोबा राहत होते. काटकसर त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. नातवाची खेळण्यातली मोटार भराभर सेल संपवू लागली, तेव्हा त्यांनी बाजारातून पुन्हा भरता येणारे सेल आणले आणि सोबत एक चार्जरही. चार्जरमध्ये चार सेल बसत, दिवे मात्र दोनच. एका जोडीला एक दिवा.

हळूहळू ते सेल घरभर पसरले. दोन मोटारीत, दोन टॉर्चमध्ये, दोन रिमोटमध्ये. रविवारी रात्री अण्णा सगळे सेल काढून स्टीलच्या वाटीत गोळा करत आणि हाताला येतील ते चार चार्जरमध्ये बसवत.

एका रविवारी त्यांचा हात सहज चार्जरला लागला आणि त्यांनी तो चटकन मागे घेतला. चार्जर चांगलाच तापला होता. थोड्याच वेळात दिवाही विझला. सकाळी मोटार अंगणात दोन फेऱ्या मारून थांबली. नातवाने तोंड फुगवलं.

अण्णांनी चार्जर कपाटावरून काढला, खालचं क्रोशाचं रुमालवजा कापड दूर केलं आणि तो खिडकीशी ठेवला. एवढं त्यांनी बरोबरच केलं. चार्जरला मोकळी हवा हवीच. पण पुढच्या रविवारी तो पुन्हा तापला. मग अण्णांनी टेबलफॅन आणला आणि त्याचं तोंड चार्जरकडे वळवलं.

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने सेलांना एकेक करून बोट लावून पाहिलं. “अण्णा, सगळे नाही तापत. हा एकच जास्त गरम आहे. बाकीचे कोमट आहेत.”

“पंखा लागला की सगळेच गार होतील,” अण्णा म्हणाले.

आणि खरंच झाले. दिवा रात्रभर जळत राहिला. सकाळी सेल हाताला थंड लागले. मोटारही जास्त वेळ पळाली. अण्णांनी शेजाऱ्यांनाही ही युक्ती सांगितली.

असे काही आठवडे गेले. मग टॉर्च लावला की लगेच मंद होऊ लागला. एक सेल तर वाटीतून काढताना चिकट लागला. त्याच्या टोपीभोवती मिठासारखी पांढरी पूड जमली होती. अण्णा चार्जर आणि सेल पिशवीत घालून नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले.

दुरुस्तीवाला वयस्कर होता. त्याने सेल काउंटरवर मांडले. पांढरी पूड दिसताच अण्णांना म्हणाला, “याला हात लावू नका. ज्यांनी हाताळला त्यांना हात धुवायला सांगा.” मग त्याने एका सेलला छोटा बल्ब जोडला आणि मीटर लावला. १.२ व्होल्टचा सेल, पण काटा ०.७ पर्यंत घसरला. त्यानंतर त्याने चार्जरचे स्क्रू काढले. सेल जिथे टेकतात तिथे मोहरीएवढा एक मणी होता, केसासारख्या दोन तारांवर बसवलेला.

“सेल भरत असतो तोवर वीज आत साठते,” तो म्हणाला. “भरला की पुढच्या विजेला जागा उरत नाही. मग तिची उष्णता होते. हा मणी ती उष्णता बघतो आणि चार्जर थांबवतो. तुम्ही वरून वारा घातलात. मण्याला सेल भरल्याचं कळलंच नाही. रात्रभर वीज आत जात राहिली, आत वायू झाला आणि सेल टोपीतून फुटला.”

“पण पंखा नव्हता तेव्हाही तापायचाच की!” अण्णा म्हणाले.

“तेव्हा कोणता सेल कोणासोबत बसवत होतात?”

अण्णा गप्प झाले. वाटीतून हाताला येईल तो.

“एका दिव्यावरच्या दोन सेलांतून एकच वीज जाते. टॉर्चचा सेल अर्धा भरलेला, मोटारीचा पार रिकामा. पोट भरलेला पाहुणा आणि उपाशी पोर एका पंगतीला बसवून दोघांना सारखंच वाढत राहावं, तसं झालं. टॉर्चचा आधी भरला, तापला. त्याचा ताप बघून चार्जर थांबला. मोटारीचा अर्धवट राहिला.”

“म्हणजे चार्जर बिघडलेला नव्हता?”

“अजूनही नाही,” दुरुस्तीवाला म्हणाला आणि स्क्रू पुन्हा बसवू लागला.

घरी येऊन अण्णांनी उरलेल्या चांगल्या सेलांवर शाईने खुणा केल्या. मोटारीची जोडी मोटारीसोबत, टॉर्चची टॉर्चसोबत. जोडी एकदम वापरायची, एकदम भरायची. दिवा वेळेवर विझू लागला.

माणूस तापला की घरचे आधी त्याला शांत करतात. तो गप्प बसला की सगळ्यांना हायसं वाटतं, आणि त्याच्यावर जे लादलं जात होतं ते तसंच चालू राहतं. एकच सेल तापतोय, हे सुनेने पहिल्याच पंख्याच्या रात्री सांगितलं होतं. अण्णांना तेव्हा फक्त चार्जर गार व्हायला हवा होता.

तुमच्या घरी असा चार्जर असेल, तर भरत आलेले सेल थोडे कोमट लागणारच, त्याची काळजी करू नका. साधे, एकदाच वापरायचे सेल त्यात कधीही घालू नका. आणि हात टिकणार नाही इतका तो तापला, तर आधी बटण बंद करा, सेल निवू द्या, मग कोणता सेल कोणाशेजारी बसवला होता ते पाहा.